पाट्यांच्या धंद्यांतील नवशिक्यानें कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें?

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांस बरोबर घेऊन आमच्या घरीं आला. मुलगा राजापूर तालुक्यांतील नाटे गांवचा. जैतापूरच्या खाडीच्या मुखाजवळ वसलेलें, यशवंतगडाचें हें गांव ज्या वाचकांनीं पाहिलें असेल त्यांस साखरी नाटे येथील बंदरांत नांगरून पडलेल्या होड्यांची दाटी व त्यांच्या नाळेवर रंगविलेलीं ठळक नांवें आठवतील. वडिलांचा धंदा मासेमारीचा. पण मुलाचें मन समुद्रापेक्षां त्या नाळेवरच्या नांवांतच अधिक रमलेलें. शाळेंत असतांना सुविचाराचा फळा लिहिण्याचें काम चार वर्षें त्याच्याच हातीं होतें. आतां त्याला गांवांतच नांवाच्या पाट्यांचें दुकान काढावयाचें आहे.

शहरांतील एका विक्रेत्यानें त्यास एक गठ्ठा सुचविला होता. त्यांत संगणक, अक्षरें कापण्याचें यंत्र, फ्लेक्स छापण्याचें मोठें यंत्र, आणि वर "लागतील तेवढीं सॉफ्टवेअर फुकट भरून देऊं" असें आश्वासन. यासाठीं घरांतलें सोनें बँकेंत ठेवावें लागणार होतें. मुलानें विचारलें, "सर, सर्वांत चांगलें सॉफ्टवेअर कोणतें?" वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मास्तर, त्याला काय सांगायचं तें सांगा. मला एवढंच सांगा, सोनं ठेवूं कीं नको?"

खरें पाहतां प्रश्न वडिलांनींच नेमका विचारला होता. आम्हीं त्यांस पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या अवधींत चार दुकानें पाहिलीं, दोन अनुभवी कारागिरांजवळ बसलों, आणि घरच्या संगणकावर स्वतः धडपड करून पाहिली. त्यांतून जें हातीं लागलें तें आमच्या इतर विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही उपयोगीं पडेल म्हणून येथें मांडीत आहों.

सुताराकडे जाऊन "सर्वांत चांगलें हत्यार कोणतें?" असें विचारलें, तर तो उलट विचारील कीं, लाकूड कोणतें आणि करावयाचें काय आहे? पाट्यांच्या धंद्यांतही तसेंच आहे. तेव्हां आधीं काम पाहूं. पाट्या आज मुख्यतः तीन तऱ्हांनीं होतात. पहिली तऱ्हा ब्रशानें रंगविण्याची. होड्यांवर, ट्रकांच्या मागें व भिंतींवर ती अजून टिकून आहे, आणि खाऱ्या वाऱ्यांत चांगला तैलरंग कसा टिकतो हें नाट्याच्या लोकांस आम्हीं सांगावयास नको. दुसरी तऱ्हा व्हिनाइलची. व्हिनाइल म्हणजे पाठीमागें गोंद असलेलें रंगीत प्लास्टिकचें पातळ पान. यंत्रांतील चाकूची अणी त्यावरून अक्षराच्या कडेकडेनें फिरते व फक्त वरचें पान कापते. खालचा कागद शाबूत राहतो. मग नको असलेला भाग चिमट्यानें सोलून काढावयाचा, उरलेलीं अक्षरें चिकट पट्टीवर उचलून घ्यावयाचीं, आणि ॲक्रिलिकच्या फळीवर, कांचेवर किंवा पत्र्यावर बसवावयाचीं. तिसरी तऱ्हा फ्लेक्सची. मोठ्या कापडासारख्या प्लास्टिकवर यंत्र शाईचे बारीक थेंब उडवून चित्र छापतें.

तिसरीविषयीं आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. फ्लेक्स छापण्याचें यंत्र कित्येक लाखांचें असतें, त्यास रोजचें काम लागतें, आणि तें बंद राहिलें तर शाई वाळून त्याच्या तोंडाचीं छिद्रें बुजतात. नाट्यासारख्या गांवांत गणपति, शिमगा व निवडणुका सोडल्या तर त्याच्या पोटास पुरेल एवढें काम कोठून आणावें? शिवाय किनाऱ्यावर बांधलेला मोठा फ्लेक्स म्हणजे एक बिनकामाचें शीडच. मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें, तें ज्यांनीं पाहिलें त्यांस वाऱ्यापुढें ताणलेल्या कापडाचें काय होतें हें ठाऊक आहे. नवशिक्यानें फ्लेक्सची मांडणी स्वतः करावी, आणि छपाई राजापूर किंवा रत्नागिरी येथून करवून आणावी. एवढ्यानेंच त्या गठ्ठ्यांतील सर्वांत जड वस्तु गळून पडली.

आतां सॉफ्टवेअरकडे वळूं. संगणकावर चित्र दोन प्रकारांनीं सांठवितां येतें, आणि ज्यास हा भेद कळला त्याची निम्मी निवड आपोआप झाली. पहिला प्रकार ठिपक्यांचा. मोबाईलनें काढलेला फोटो हा या प्रकारचा. भरतकामाच्या जाळीदार कापडांत जसे चौकोन भरावे, तसे लहान लहान रंगीत चौकोन ओळीनें मांडलेले असतात. ६०० ठिपके रुंद व ४०० ठिपके उंच असें एक चित्र घ्या. मोबाईलच्या पडद्यावर तें सुरेख दिसेल. तेंच सहा फूट रुंदीच्या पाटीवर पसरा. सहा फूट म्हणजे ७२ इंच. त्यास ६०० नें भागलें म्हणजे एकेक ठिपका ०.१२ इंचाचा, म्हणजे सुमारें तीन मिलिमीटरचा झाला. डाळीच्या दाण्याएवढे हे चौकोन अक्षराच्या प्रत्येक वळणावर पायऱ्यांसारखे दिसूं लागतात. उलट बाजूनें हिशेब करून पाहा. दहा फूट बाय चार फुटांच्या फ्लेक्सवर इंचास ७२ ठिपके धरले, तर ८६४० गुणिले ३४५६, म्हणजे २ कोटी ९८ लाख ५९ हजार ८४० ठिपके लागतील. आठवींच्या मुलांनीं हा गुणाकार ताडून पाहावा.

दुसरा प्रकार रेषांचा. यांत संगणक ठिपके ठेवीत नाहीं. "या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा" एवढें गणितच सांठवितो. अशा एका वक्ररेषेस चार बिंदु पुरतात: दोन टोंकांचे, आणि रेषेस आपल्याकडे ओढून वळण देणारे दोन. ही पद्धति मूळची पाट्यांसाठीं निघाली नव्हती. १९६० च्या सुमारास फ्रान्समधील रेनॉ मोटार कंपनीचे अभियंते पिएर बेझिए व सिट्रोएन कंपनीचे पॉल द कास्तेल्जो यांनीं मोटारींच्या पत्र्यांचीं वळणें गणितानें सांगण्याकरितां ती स्वतंत्रपणें बसविली. बेझिए यांचेंच नांव त्या रेषांस मिळालें. आज छापलेलें जवळजवळ प्रत्येक अक्षर अशाच रेषांनीं बांधलेलें असतें. असें अक्षर अंगठीवर कोरा किंवा गडाच्या भिंतीएवढें करा, त्याची कड तशीच राहते; कारण मोठें होतांना गणित पुन्हां नव्यानें मांडलें जातें.

आणि कापणाऱ्या यंत्रास तर रेषेवांचून दुसरें कांहीं कळतच नाहीं. चाकूस ठिपके देऊन काय उपयोग? त्यास वाट पाहिजे. म्हणून फोटो सुधारण्याचें सॉफ्टवेअर कितीही नांवाजलेलें असलें, किंवा वाढदिवसाचे फलक घडीभरांत जुळवून देणारीं मोबाईलवरचीं साधनें कितीही सोपीं असलीं, तरी पाटीच्या धंद्याचें मुख्य हत्यार तीं होऊं शकत नाहींत. मुख्य हत्यार रेषांचें सॉफ्टवेअर हेंच.

अशीं प्रसिद्ध सॉफ्टवेअर तीन. अमेरिकेंतील ॲडोबी कंपनीचें इलस्ट्रेटर १९८७ सालीं निघालें; कॅनडांतील कोरल कंपनीचें कोरलड्रॉ १९८९ सालीं; आणि इंकस्केप हें २००३ सालीं कांहीं स्वयंसेवकांनीं मिळून सुरू केलें. पहिलीं दोन विकत घ्यावयाचीं. इलस्ट्रेटरच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून केवळ वर्गणीनें मिळतात; वर्गणी थांबली कीं काम थांबलें. कोरलड्रॉसाठींही हजारोंनीं रुपये मोजावे लागतात. इंकस्केपला मात्र एक पैही पडत नाहीं, आणि तें वापरण्याची, दुसऱ्यास देण्याची, इतकेंच नव्हे तर त्यांत फेरफार करण्याचीही मोकळीक त्याच्या कर्त्यांनीं परवान्यांत लिहून दिली आहे. एकदां संगणकावर उतरवून घेतल्यावर त्यास इंटरनेटची गरज नाहीं. पावसाळ्यांत आठ आठ दिवस इंटरनेटची वाट पाहणाऱ्या गांवांत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

परंतु फुकट आहे म्हणून चांगलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. मराठी पाटीवाल्यानें सॉफ्टवेअरची परीक्षा मराठींतच घेतली पाहिजे. इंग्रजी अक्षरें एकापुढें एक ठेवलीं कीं शब्द झाला. आपली लिपि तशी नाहीं. वेलांटी उच्चारांत मागून येते पण लिहितांना पुढें बसते, रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षरांत अर्धीं अक्षरें एकमेकांच्या कुशींत शिरतात. हें सर्व संगणकास शिकवावें लागतें, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर तें सारखें शिकलेलें नसतें. परीक्षेसाठीं आम्हीं त्या मुलास पुढील शब्द लिहून दिले: शिवशक्ति, मत्स्योद्योग, महाराष्ट्र, ज्ञानेश्वर, दर्यासागर, आणि दऱ्याखोरीं. "शिव" चा "शवि" झाला, किंवा "मत्स्य" मध्यें त चा पाय मोडलेला तसाच लोंबत राहिला, तर सॉफ्टवेअर नापास. शेवटचे दोन शब्द आम्हीं मुद्दाम घातले. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. एकांत रफार आहे, दुसऱ्यांत आडवा पातळ र. समुद्रावर जाणाऱ्या होडीच्या नाळेवर जर "दऱ्यासागर" असें चढलें, तर सारें बंदर हंसेल आणि पैसे तर कोणी देणारच नाहीं.

या परीक्षेंत इंकस्केप पूर्णपणें उतरलें. इलस्ट्रेटरमध्यें भारतीय लिप्यांची सोय आहे, परंतु ती मांडणीच्या पसंतींत जाऊन मुद्दाम चालू करावी लागते. तें ठाऊक नसलेले पुष्कळजण सॉफ्टवेअरला दोष देत बसतात. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या या बाबतींत कच्च्या होत्या; २०१२ च्या एक्स-सहा आवृत्तीपासून सुधारणा झाली. गंमत अशी कीं आमच्याकडे जुन्या आवृत्त्यांवरच काम करणारीं दुकानें अजून आढळतात. त्यांचें मराठी मग कसें निघतें? तर जुन्या तऱ्हेच्या फाँटांनीं.

हें प्रकरण थोडें समजावून सांगितलें पाहिजे, कारण यांतच नवशिक्या फसतो. संगणकांत प्रत्येक अक्षरास एक क्रमांक असतो. युनिकोड नांवाच्या जागतिक योजनेंत १९९१ पासून देवनागरीस स्वतःचे क्रमांक आहेत. त्यापूर्वीं, व पुढेंही पुष्कळ काळ, आमच्या लोकांनीं इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकृति बसवून काम भागविलें. पडद्यावर मराठी दिसे, पण आंतून तें इंग्रजीच असे. तो फाँट जेथें नाहीं तेथें मजकुराची रोमन अक्षरांची खिचडी होते. आम्हांस याचा प्रसाद मिळालेला आहे. एके वर्षीं पारितोषिक समारंभाचा फलक आम्हीं स्वतः मोठ्या हौसेनें जुळविला आणि अक्षरांच्या रेषा न करतांच फाइल छापावयास पाठविली. तिकडे फाँट नव्हता. समोर खिचडी पाहून तेथील माणसानें मजकूर फोनवरून विचारून पुन्हां टाइप केला, आणि दुसऱ्या दिवशीं पाहुण्यांच्या मस्तकावर "पारीतोषीक" असे दोन दीर्घ झळकले. दोष आमचाच होता, कारण पाठविण्यापूर्वीं अक्षरांचें रेषांत रूपांतर करणें हें पाठविणाऱ्याचें काम. इंकस्केपमध्यें हें "ऑब्जेक्ट टू पाथ" या आज्ञेनें होतें, कोरलड्रॉमध्यें "कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज" नें. एकदां रेषा झाल्या कीं अक्षर हें अक्षर राहत नाहीं, आकृति होते. मग कोणत्याही यंत्रावर तें बदलत नाहीं. अर्थात् चूक राहिली असेल तर तीही बदलत नाहीं. म्हणून मूळ मजकुराची एक प्रत निराळी राखावी, आणि रूपांतरापूर्वीं ती दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी.

व्हिनाइल कापणाऱ्यास यापुढें आणखी एक पायरी आहे, आणि ती आमच्या लिपीमुळें आली आहे. देवनागरी शब्दाच्या डोक्यावरून एक अखंड शिरोरेषा जाते असें आपण समजतों. संगणकांत तसें नसतें. प्रत्येक अक्षर आपली स्वतःची लहानशी शिरोरेषा घेऊन येतें, आणि शेजाऱ्याच्या रेषेवर ती किंचित् चढते. छापतांना हें दिसत नाहीं. पण चाकू आंधळा आहे; तो प्रत्येक अक्षराच्या कडेनें इमानानें फिरतो, आणि "यशवंतगड" या शब्दाची शिरोरेषा पांच ठिकाणीं चिरून ठेवतो. सोलतांना तुकडे सुटे होतात. यावर उपाय म्हणजे सर्व आकृति एकजीव करणें. इंकस्केप त्यास "युनियन" म्हणतें, कोरलड्रॉ "वेल्ड". ही आज्ञा दिल्यावर शब्दाची बाहेरची कड तेवढी उरते. आमच्या विद्यार्थ्यानें पहिला शब्द कापला तेव्हां ही पायरी विसरला होता, आणि अर्धा तास चिमटा घेऊन बसला होता. पुन्हां विसरला नाहीं.

अशाच आणखी लहान गोष्टी त्या कारागिरांनीं आम्हांस सांगितल्या. अनुस्वाराचा टिंब फार लहान असला तर सोलतांना कचऱ्याबरोबर निघून जातो, आणि "आनंद" चा "आनद" होतो. म्हणून टिंब थोडा मोठा करावा. इंग्रजी अक्षरें जशीं मोकळीं करून लांबवितात तशीं मराठी अक्षरें लांबवूं नयेत, शिरोरेषा तुटते. जागा भरावी म्हणून शब्द आडवा ताणूं नये. उभ्या काठ्या जाड होतात व शिरोरेषा होती तेवढीच बारीक राहते, मग अक्षर सुजल्यासारखें दिसतें. अंतराविषयीं धंद्यांत असा ठोकताळा आहे कीं दहा फुटांवरून वाचावयास एक इंच उंचीचें अक्षर पाहिजे. तो इंग्रजी अक्षरांवरून बसविलेला आहे. आपल्याकडे वर मात्रा व खालीं उकार असल्यामुळें पाटीची उंची त्याहून पुष्कळ अधिक धरावी लागते.

फाँटांची अडचण पूर्वींइतकी राहिलेली नाहीं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त व बलू हे युनिकोड फाँट, तसेच गूगलचे नोटो, खुल्या परवान्याखालीं विनामूल्य मिळतात व धंद्यांतही वापरतां येतात. निवडतांना ल व श पाहून घ्यावे. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं मराठी लेखनाच्या प्रमाणीकरणाविषयीं जो निर्णय काढला त्यांत पाकळीचा ल व देठाचा श हीं मराठीचीं वळणें ठरविलीं आहेत. कित्येक फाँटांत हिंदी वळणाचींच अक्षरें येतात.

मराठी पाटी शुद्ध व ठळक करतां येणें हा आतां नुसता हौसेचा विषय नाहीं, पोटाचाही आहे. राज्यांतील दुकानांच्या कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सर्वच दुकानांस देवनागरींतील मराठी नांव लावणें, आणि तें इतर लिपींतील अक्षरांपेक्षां लहान नसणें, बंधनकारक झालें. मुंबईंतील दुकानदारांचें गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्या न्यायालयानें २५ सप्टेंबर २०२३ रोजीं त्यांस पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. जुनें इंग्रजी नांव खालीं ठेवून वर मराठी अक्षरें बसविण्याचें काम व्हिनाइल कापणाऱ्यांकडे चालत येतें.

मग कोरलड्रॉचें काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आमच्या इकडील बहुतेक छापखाने व फ्लेक्सवाले त्यावरच काम करतात, व त्यांच्याकडील जुन्या फाइली त्याच रूपांत असतात. इंकस्केप त्यांपैकीं कांहीं उघडतें, सर्व नीट उघडतेंच असें नाहीं. शिवाय इंकस्केप रंगांचा हिशेब पडद्याच्या तीन रंगांनीं करतें. छपाई चार शायांनीं होते, त्यामुळें मोठें काम देण्यापूर्वीं एक फुटाचा नमुना छापून पाहावा लागतो. कित्येक कापणाऱ्या यंत्रांस कोरलड्रॉमधून सरळ आज्ञा देतां येते. उदाहरणार्थ, जपानच्या रोलँड कंपनीचें स्वतःचें साधन कोरलड्रॉस व इलस्ट्रेटरलाच जोडलें जातें. म्हणून यंत्र घेण्यापूर्वीं विक्रेत्यासमोर आपली स्वतःची मराठी फाइल उघडून, तिच्यांतील एक शब्द कापून दाखवावयास सांगावें. इंग्रजी नमुना कापून दाखविला तर मान डोलवूं नये. यंत्राबरोबर येणारें लहान सॉफ्टवेअर इंकस्केपची एसव्हीजी फाइल घेतें कीं नाहीं, हाच खरा प्रश्न. एसव्हीजी ही खुली पद्धति २००१ पासून प्रमाण मानली गेली आहे, व तींत ठेवलेलें काम एकाच कंपनीच्या दाराशीं बांधलेलें राहत नाहीं.

आतां त्या "फुकट भरून देऊं" या आश्वासनाविषयीं. इंकस्केप फुकट आहे तें कर्त्यांनीं दिलें म्हणून. कोरलड्रॉ असें कोणी फुकट भरून दिलें तर तें चोरलेलें असतें. ही गोष्ट इतकी रुळली आहे कीं सांगितली असतां लोक आमच्याकडे कींव केल्यासारखें पाहतात. एक गृहस्थ तर म्हणाले, "मास्तर, मुंबईहून कोण बघायला येणार आहे नाट्याला?" १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याच्या ६३ ब या कलमाप्रमाणें संगणकाचें चोरटें सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. तो भार विक्रेत्याच्या नव्हे, दुकानदाराच्या डोक्यावर येतो. पण कायदा घटकाभर बाजूस ठेवा. हा मुलगा उद्यां स्वतः एखादें सुंदर अक्षरचिन्ह काढील, आणि शेजारचा दुकानदार तें उचलून आपल्या पाटीवर लावील. त्या वेळीं तो कोणत्या तोंडानें भांडेल? आम्हीं हें त्याला विचारलें तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं, वडिलांनीं मात्र मान हालविली. दुसऱ्याच्या जाळ्यांतले मासे काढूं नयेत हा नियम बंदरावर कोणी लिहून ठेवलेला नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही सॉफ्टवेअरबरोबर मिळत नाहीं. संगणक अक्षर बिनचूक मोठें करतो. कोणतें अक्षर कोठें शोभेल हें त्याला कळत नाहीं. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील अक्षरांकनानें नांवाजलेले कमल शेडगे (१९३५ ते २०२०) यांचें प्रत्येक नाटकाचें नांव निराळ्या वळणाचें असे, आणि तें वळण नाटकाच्या प्रकृतीस धरून असे. तें हाताचें व डोळ्याचें काम होतें. त्याहून मागें जावयाचें तर निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांची गोष्ट आहे. मुंबईंतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत ते लहान वयांत महिना दोन रुपयांवर शिशाचे खिळे घासण्याच्या कामास लागले. अक्षराची प्रत्येक कड बोटांखालून गेल्यावर पुढें १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ सालीं छापखाना. त्या खिळ्यांच्या देखणेपणाची कीर्ति देशभर झाली.

म्हणून आम्हीं त्या मुलास एक काम लावून दिलें. त्याच्या गांवीं होड्या रंगविणारे एक वृद्ध पेंटर आहेत. त्यांच्या हातचें अक्षर भरदार, टोंकाशीं किंचित् वर उचललेलें. दुरून ओळखूं येतें. त्यांच्याकडून आधीं अ पासून ज्ञ पर्यंत कागदावर मोठीं अक्षरें काढून घे, असें आम्हीं सांगितलें. त्या कागदांचे फोटो इंकस्केपमध्यें घेऊन त्यांवरून रेषा काढतां येतात. संगणक आपण होऊनही अशा रेषा काढून देतो, पण तो कडेवर शेंकडों बिंदु पेरून ठेवतो आणि चाकू अडखळत चालतो. हातानें काढलें तर एका अक्षरास दहापंधरा बिंदूंत भागतें. पेंटरबाबा प्रथम रागावले. "माझं पोट कापायला यंत्र आणतोस काय रे?" असें म्हणाले म्हणतात. मग त्यांस पडद्यावर त्यांचाच क दाखविला. तो त्यांनीं बराच वेळ पाहिला, आणि "याची मान जरा वांकडी झालीय, सरळ कर," म्हणून चूक काढली. आतां ते आठवड्यांतून दोनदां येऊन बसतात, असें ऐकतों. त्यांच्या अक्षरांवर त्यांचें नांव राहील व कामाच्या पैशांत त्यांचा वांटा राहील, एवढें आम्हीं मुलाकडून कबूल करवून घेतलें आहे.

पंधरा दिवसांनीं बापलेक पुन्हां आले, तेव्हां आम्हीं वडिलांस त्यांच्या प्रश्नाचें उत्तर दिलें: सोनें ठेवूं नका. एक वापरलेला पण धड संगणक घ्या, त्यावर इंकस्केप उतरवा, आणि सहा महिने कापण्याचें व छापण्याचें काम बाहेरून करवून आणा. त्यांत नफा थोडा राहील, परंतु महिन्यास किती फूट व्हिनाइल खपतें याचा आंकडा हातीं येईल. तो आंकडा वहींत लिहून ठेवा. यंत्र घ्यावयाचें तें त्या वहीकडे पाहून घ्या. आणि ज्या महिन्यांत कोरलड्रॉ नसल्यामुळें परत पाठविलेल्या कामाची किंमत त्याच्या वर्षाच्या वर्गणीहून अधिक होईल, त्या महिन्यांत तें रीतसर विकत घ्या. मुलाचा चेहरा जरा उतरला हें आम्हीं पाहिलें. त्याला दुकानांत यंत्राचा आवाज पाहिजे होता.

दिवाळींत त्याचें पत्र आलें. पहिलीं चार महिन्यांचीं कामें त्यानें त्यांत लिहिलीं होतीं: एका किराणा दुकानाची मराठी पाटी, दोन दवाखान्यांच्या वेळापत्रकाच्या पाट्या, शाळेच्या दारावरचे वर्गांचे फलक, आणि होड्यांचीं सात नांवें. होड्यांचीं नांवें पेंटरबाबांनीं ब्रशानेंच रंगविलीं. मुलानें फक्त कागदावर पूर्ण मापाचा आराखडा काढून दिला, म्हणजे नाळेच्या दोन्ही बाजूंस अक्षरें एकसारखीं आलीं. एका कामाचे पैसे बुडाले आहेत. कापण्याच्या यंत्राची चौकशी चालू आहे. चोवीस इंच रुंदीचें घ्यावें कीं त्याहून मोठें, हें ठरलेलें नाहीं, आणि वही घेऊन तो येत्या नाताळच्या सुटींत आमच्याकडे यावयाचा आहे.